विवर्तन नक्षीवरून वस्तूकडे : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

प्रकल्पाचा हेतू मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. सुसंगत, म्हणजे ज्यांच्या लहरी एकमेकींशी ताल राखून चालतात अशा, क्ष-किरणांच्या झोतात ठेवलेल्या सूक्ष्म वस्तूने विखुरलेल्या किरणांची जी नक्षी डिटेक्टरवर उमटते, तिच्यावरून, कोणत्याही भिंगाची मदत न घेता, केवळ गणनेने त्या वस्तूची प्रतिमा परत मिळवायची आहे. अडचण जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे. डिटेक्टर फोटॉन मोजतो, म्हणजे त्याच्याकडे फक्त तीव्रतेची नोंद राहते. तीव्रतेच्या वर्गमुळातून तरंगाचा आयाम, म्हणजे लहरीची उंची, कळतो, पण त्याची कला, म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते, जिला आपण बोलताना फेज म्हणतो, ती मोजणीतच नाहीशी झालेली असते.

काय गमावले आहे याचा अंदाज यावा म्हणून पहिल्या दिवशी एक छोटा प्रयोग केला. दोन वेगळ्या चित्रांची फूरिए रूपांतरे काढली, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरींत त्यांची फोड केली (डिटेक्टरवरची नक्षी ही वस्तूच्या अशाच फोडीची, पण कलेविना, नोंद असते), एकाचा आयाम आणि दुसऱ्याची कला यांची जोडी लावली आणि उलट रूपांतर केले. जे चित्र दिसले ते ज्याची कला घेतली होती त्याचे होते. ज्याचा आयाम घेतला होता त्याचा मागमूसही नव्हता. स्फटिकांच्या संदर्भात हीच गोष्ट जी. एन. रामचंद्रन आणि आर. श्रीनिवासन यांनी १९६१ साली दाखवून दिली होती. थोडक्यात, आपल्याला मोजता येतो तो भाग कमी बोलका आहे आणि बोलका भाग मोजता येत नाही.

८ जानेवारी

गणनेला हात घालण्यापूर्वी मांडणीची भूमिती कागदावर उतरवली. तरंगलांबी ०.१५ नॅनोमीटर, म्हणजे ऊर्जा सुमारे ८.२७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, नमुन्यापासून डिटेक्टर २ मीटर दूर, डिटेक्टरचा पिक्सेल ७५ मायक्रोमीटरचा, आणि नक्षीचा वापरायचा भाग ५१२ × ५१२ पिक्सेलचा. तरंगलांबी आणि अंतर यांच्या गुणाकाराला डिटेक्टरच्या एकूण रुंदीने भागले की प्रतिमेतील एका पिक्सेलचे माप मिळते, ते येथे ७.८ नॅनोमीटर येते. त्याच गुणाकाराला एका पिक्सेलच्या रुंदीने भागले की प्रतिमेचे पूर्ण क्षेत्र मिळते, ते ४ मायक्रोमीटर येते.

वस्तू मात्र ४ मायक्रोमीटरची असून चालणार नाही. तीव्रतेचे उलट रूपांतर म्हणजे वस्तूचा स्वतःशीच सहसंबंध (स्वसहसंबंध : वस्तूची प्रत तिच्यावरच सरकवत घेतलेली जुळणी), आणि त्याचा विस्तार प्रत्येक दिशेला वस्तूच्या दुप्पट असतो. तो क्षेत्रात मावायचा असेल तर वस्तू २ मायक्रोमीटरपेक्षा मोठी असता कामा नये. तिच्याभोवती उरलेली रिकामी जागा हेच आपले भांडवल आहे, कारण ‘येथे काहीही नाही’ ही माहिती हरवलेल्या कलेची भरपाई करते. डेव्हिड सेअर यांनी १९५२ सालच्या एका अगदी लहानशा टिपणात नमुनाकरणाच्या प्रमेयाचा, म्हणजे काही गमावायचे नसेल तर किती दाट मोजावे हे सांगणाऱ्या नियमाचा, आधार घेऊन या दिशेला बोट दाखवले होते. प्रत्यक्ष क्ष-किरणांनी अशी प्रतिमा मिळायला मात्र १९९९ साल उजाडावे लागले.

१२ जानेवारी

कृत्रिम नमुना तयार केला : काही तेजस्वी ठिपके, दोन वाकड्या पट्ट्या आणि एक अपूर्ण कडे. आकार हेतुपुरस्सर बेढब ठेवला, कारण सममित वस्तू वेगळाच घोळ घालते असे वाचलेले होते. विखुरण क्षीण आहे आणि नमुना पातळ आहे असे गृहीत धरल्यामुळे प्रतिमा वास्तव आणि ऋण नसलेल्या संख्यांची मानता येते.

पहिली पद्धत सर्वांत साधी घेतली. यादृच्छिक कलेपासून सुरुवात करायची. वस्तूच्या अवकाशात सपोर्टबाहेरचे, म्हणजे वस्तूसाठी राखून ठेवलेल्या क्षेत्राबाहेरचे, सारे शून्य करायचे. फूरिए अवकाशात जाऊन कला तशीच ठेवायची आणि आयामाच्या जागी मोजलेला आयाम बसवायचा. मग परत यायचे. गर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांच्या १९७२ सालच्या पद्धतीत दोन प्रतलांवरची तीव्रता मोजलेली असे. जेम्स फीनप यांनी १९७८ साली त्यांपैकी एका मोजणीच्या जागी वस्तूविषयीची पूर्वमाहिती वापरली आणि आजच्या पद्धतींचा पाया तेथे घातला गेला.

एक हजार फेऱ्या झाल्या तरी पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काहीतरी थरथरत होते.

१३ जानेवारी

चूक सापडली, आणि ती शरम वाटावी इतकी साधी होती. डिटेक्टरच्या नक्षीचा मध्य अॅरेच्या मध्यभागी असतो, तर फूरिए रूपांतराचा कार्यक्रम शून्य वारंवारता कोपऱ्यात आहे असे धरून चालतो. मध्य सरकवण्याची पायरी माझ्याकडून राहिली होती. फूरिए अवकाशात अर्ध्या रुंदीने सरकणे म्हणजे प्रतिमेला एकाआड एक धन आणि ऋण चिन्हांनी गुणणे. पट तेथून आला होता. ऋण संख्यांना मज्जाव असल्यामुळे गणना त्या पटाशी झगडत बसली होती.

१९ जानेवारी

साध्या पद्धतीचा गुण असा की तिची त्रुटी, म्हणजे गणनेतून आलेली नक्षी आणि मोजलेली नक्षी यांतली तफावत, एकाही फेरीत वाढत नाही, आणि तिचा दोषही नेमका तोच आहे. उतार संपला की ती थांबते, मग ती दरी खरी असो वा खोटी. सहा वेगवेगळ्या सुरुवाती करून पाहिल्या. सहाही वेळा त्रुटी चारेकशे फेऱ्यांत स्थिरावली आणि सहा निरनिराळ्या अर्धवट प्रतिमा मिळाल्या.

म्हणून फीनप यांच्याच संकरित पद्धतीकडे वळलो. सपोर्टच्या आत नवी किंमत जशीच्या तशी स्वीकारायची, पण बाहेर ती शून्य न करता जुन्या किमतीतून नव्या किमतीचा ठरावीक भाग, मी धरला ०.९, वजा करायचा. बाहेर काही उमटत राहिले तर ते एकदम पुसले जात नाही. त्याच्या विरुद्ध दाब साठत जातो आणि त्या दाबाने गणना खोट्या दरीतून बाहेर ढकलली जाते. आलेखात त्रुटी वर चढते, खाली कोसळते, पुन्हा चढते. दोनशे फेऱ्यांनंतर ठिपके सुटे झाले, सुमारे सहाशेव्या फेरीला कडे दिसू लागले. या पद्धतीच्या दीडशे फेऱ्या आणि साध्या पद्धतीच्या पन्नास अशी आलटून पालटून योजना सध्या सर्वांत समाधानकारक वाटते : पहिली शोध घेते, दुसरी सापडलेले घासूनपुसून घेते.

त्रुटी मोजताना तीव्रतेची नव्हे तर आयामाची तफावत घेतली आहे. फोटॉनांची मोजणी प्वासाँ वितरणाप्रमाणे, म्हणजे सुट्या योगायोगी घटनांच्या मोजणीच्या नियमाने, बदलते आणि अशा संख्येच्या वर्गमुळाचे विचरण (चढउताराचे माप), संख्या पुरेशी मोठी असेल तर, एक चतुर्थांशाच्या आसपास स्थिर राहते. त्यामुळे मध्याजवळचे लाखो फोटॉनांचे पिक्सेल आणि दूरचे मोजक्या फोटॉनांचे पिक्सेल यांना न्याय्य वजन मिळते. एक-दोन फोटॉनांच्या पिक्सेलना हे गणित लागू पडत नाही, तेथे शक्यताफलाचे (प्रतिमा खरी मानली तर ही मोजणी मिळण्याची शक्यता किती, याचे) पूर्ण सूत्र वापरावे लागेल.

२४ जानेवारी

मूळ वस्तू आणि तिची १८० अंशांत फिरवलेली, संयुग्मी (कलेचे चिन्ह उलटवलेली) जुळी प्रतिमा या दोघींची तीव्रता तंतोतंत सारखी असते. गणनेने दोहोंपैकी कोणतीही निवडावी, हरकत नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा ती दोन्ही अर्ध्या-अर्ध्या मांडून बसते. माझा सपोर्ट चौरस, म्हणजे स्वतः सममित असल्यामुळे दोन्ही प्रतिमा त्यात सुखाने नांदत होत्या. तोडगा फीनप आणि वॅकरमन यांनी १९८६ साली सुचवलेलाच वापरला : काही फेऱ्यांपुरता सपोर्टचा एक त्रिकोणी अर्धा भाग झाकून ठेवला. सममिती मोडली आणि एक जुळी मागे हटली.

२ फेब्रुवारी

सपोर्ट आपल्याला आधी ठाऊक आहे हे गृहीतक सोडून दिले. स्टेफानो मार्केसिनी आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या पद्धतीत सपोर्ट गणनेतूनच घडत जातो : सुरुवातीला स्वसहसंबंधावरून ढोबळ आकार घ्यायचा, मग दर वीस फेऱ्यांनी चालू प्रतिमा किंचित धूसर करून तिच्या कमाल तेजाच्या २० टक्क्यांपेक्षा जे फिके असेल ते सपोर्टबाहेर टाकायचे. धूसरपणा सुरुवातीला ३ पिक्सेल ठेवून हळूहळू दीडपर्यंत उतरवला. चौरस आक्रसत आक्रसत वस्तूच्या अंगाला चिकटला ते पाहताना फार समाधान वाटले. जुळ्या प्रतिमेचा प्रश्नही जवळजवळ आपोआप मिटला, कारण बेढब सपोर्टमध्ये एकच जुळी मावते.

२० टक्के हा आकडा मी तपासला नाही, जसा वाचला तसा घेतला. हे वाक्य नंतरच्या एका नोंदीसाठी लिहून ठेवणे भाग पडले आहे.

९ फेब्रुवारी

आतापर्यंतची नक्षी परिपूर्ण होती. प्रत्यक्षात न विखुरलेला झोत सरळ मध्यावर येतो आणि तो थेट पडला तर डिटेक्टरची हानी होऊ शकते, म्हणून तेथे बीमस्टॉप, म्हणजे झोत अडवणारा छोटा अडथळा, बसवतात. मीही मध्याचे ९ × ९ पिक्सेल झाकले. एकूण २,६२,१४४ पिक्सेलपैकी ८१ गेले, म्हणजे गेले काय, असे कोणालाही वाटेल.

प्रतिमेत ठिपके, पट्ट्या, कडे सारे जागेवर आले. पण त्यांच्याखाली एक रुंद, मंद फुगवटा दिसू लागला, प्रत्येक सुरुवातीगणिक वेगळा. कारण शोधताना दोन प्रकारच्या चुका वेगळ्या कराव्या लागल्या. पहिली माझी होती : झाकलेल्या पिक्सेलच्या जागी मोजलेला आयाम शून्य आहे असे कार्यक्रम मानत होता. न मोजलेले आणि शून्य मोजलेले यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि त्या पिक्सेलवर गणनेने जी किंमत आणली असेल ती तशीच चालू द्यायला हवी. ही दुरुस्ती केल्यावर फुगवटा बराच ओसरला, पण गेला नाही.

उरलेला भाग माझ्या हातात नाही. मध्याजवळचे पिक्सेल म्हणजे कमी वारंवारता, म्हणजे वस्तूचे एकूण तेज आणि तिच्यातले संथ चढउतार. वस्तू क्षेत्राच्या निम्मी असेल तर मधला ठळक डाग मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन पिक्सेल पसरतो. झाकलेला भाग त्या डागाच्या आत राहिला तर सपोर्टची माहिती तो भरून काढते. माझा बीमस्टॉप चार-चार पिक्सेल पसरलेला होता. काही संथ लहरी अशा असतात की त्या जवळजवळ पूर्णपणे सपोर्टच्या आतही मावतात आणि बीमस्टॉपच्या मागेही दडतात. त्या कितीही वाढवल्या वा घटवल्या तरी मोजणीशी विसंगती अशी येतच नाही.

या संदर्भात १९९९ सालचा जिआनवेई मिआओ आणि सहकाऱ्यांचा ब्रुकहेवन येथील प्रयोग पुन्हा वाचला. सोन्याच्या ठिपक्यांनी घडवलेल्या अक्षरांची प्रतिमा त्यांनी १.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी, सुमारे ७५ नॅनोमीटर विभेदनाने, म्हणजे तेवढे बारीक तपशील सुटे दिसतील अशी, मिळवली, हे सगळेच सांगतात. मध्याची न मोजलेली माहिती त्यांनी साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावरून भरली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. मला तो भाग मुख्य निष्कर्षाइतकाच शिकवणारा वाटतो.

१६ फेब्रुवारी

सहकाऱ्याने आज एक टोचणारा प्रश्न विचारला : ज्या कार्यक्रमाने नक्षी तयार केली त्याच कार्यक्रमाने, त्याच जाळीवर, ती उलगडून दाखवण्यात विशेष ते काय? आपणच प्रश्नपत्रिका काढायची आणि आपणच सोडवायची, असा तो प्रकार होता, आणि मला तो महिनाभर जाणवला नव्हता.

म्हणून नक्षी नव्याने, वेगळ्या मार्गाने तयार केली. वस्तू चौपट बारीक जाळीवर रेखली, म्हणजे पिक्सेल सुमारे २ नॅनोमीटरचा झाला. शिवाय तिच्याभोवतीचे क्षेत्र चौपट वाढवले, जेणेकरून डिटेक्टरच्या प्रत्येक पिक्सेलचे १६ उपपिक्सेल करून त्यांची बेरीज घेता येईल. जाळी ८१९२ × ८१९२ झाली आणि संमिश्र संख्यांचा तो एकच अॅरे स्मृतीत एक गिगाबाइट जागा घेऊन बसला. त्यावर प्वासाँ नॉइज, म्हणजे फोटॉन-मोजणीतला यादृच्छिक चढउतार, चढवला आणि मधले ५१२ × ५१२ पिक्सेल ठेवून बाकीचे टाकून दिले.

तीन गोष्टी एकदम बिघडल्या. पिक्सेलच्या रुंदीवर बेरीज होत असल्यामुळे स्वसहसंबंध कडेला फिका पडतो. २ मायक्रोमीटर अंतरावर, एका अक्षाच्या दिशेने, तो मूळच्या सुमारे ६४ टक्केच उरतो. नक्षी कडेला कापली गेल्यामुळे वस्तूच्या धारदार कडांभोवती बारीक लहरी येतात, त्या सपोर्टबाहेर सांडतात आणि काही ठिकाणी ऋणही होतात. म्हणजे ‘बाहेर शून्य’ आणि ‘आत ऋण नाही’ ही दोन्ही बंधने आता काटेकोरपणे खरी राहिलेली नाहीत. आणि नॉइजमुळे दोन्ही अवकाशांतली बंधने एकाच वेळी पूर्ण करणारे उत्तर अस्तित्वातच नाही. संकरित पद्धत अशा स्थितीत कधीच स्थिरावत नाही, ती उत्तराभोवती घिरट्या घालत राहते. रसेल ल्यूक यांची २००५ सालची शिथिल केलेली पद्धत येथे अधिक शांत वागली आणि यापुढे तीच वापरत आहे.

प्रतिमा आधीपेक्षा वाईट आहेत. मला त्या आधीपेक्षा अधिक पटतात.

१७ फेब्रुवारी

संपूर्ण प्रतिमेवर १६ पिक्सेलच्या अंतराने उभ्या पट्ट्या आल्या. अशी एकसुरी लहर म्हणजे फूरिए अवकाशातला एकच बिंदू, हे लक्षात येताच ५१२ भागिले १६ केले आणि मध्यापासून ३२ स्तंभांवर पाहिले. सदोष पिक्सेलच्या चाचणीसाठी मीच तेथे वाढीव मोजणी घातली होती आणि काढायची विसरलो होतो. खऱ्या डिटेक्टरवर असे पिक्सेल असतातच. त्यांची यादी करून त्यांनाही न मोजलेल्यांत जमा करावे.

२६ फेब्रुवारी

सहकाऱ्याने बंद फाइल दिली. तीत फक्त नक्षी आणि मांडणीची मापे आहेत. वस्तू काय आहे हे मला ठाऊक नाही. बीमस्टॉप नेहमीचा, ९ × ९.

पन्नास यादृच्छिक सुरुवाती केल्या. सरासरी घेण्यापूर्वी प्रत्येक उत्तर सरकवून एकमेकांवर बसवावे लागते, जुळे असेल तर उलटवावे लागते, कारण वस्तूचे स्थान आणि जुळेपण तीव्रतेत नोंदले जातच नाही. सरासरीच्या फूरिए आयामाला मोजलेल्या आयामाने भागले की कला-पुनर्प्राप्तीचे हस्तांतरण फल मिळते : पन्नास उत्तरांची कला जेथे जुळते तेथे ते १ च्या जवळ राहते, जेथे प्रत्येकजण वेगळे सांगतो तेथे शून्याकडे घसरते. ०.५ च्या खाली उतरण्याची वारंवारता मी विभेदनाची मर्यादा म्हणून धरली. वक्र देखणा आला, जवळजवळ कडेपर्यंत ०.५ च्या वर. प्रतिमेत सात वेगळी बेटे, काळ्या पार्श्वभूमीवर स्वच्छ. मी ती सहकाऱ्याकडे पाठवून दिली.

२७ फेब्रुवारी

बेटे सातही बरोबर होती, त्यांची स्थाने आणि आकारही. पार्श्वभूमी काळी नव्हती. बेटांखाली एक रुंद, फिका पापुद्रा होता, ज्याचे तेज बेटांच्या सुमारे १५ टक्के होते आणि जो कडेला हळूहळू विरत गेला होता.

घडले ते असे. पापुद्रा २० टक्क्यांच्या रेषेखाली असल्यामुळे आक्रसत्या सपोर्टने त्याला बाहेर टाकले. त्याची कड संथ असल्यामुळे त्याचे बहुतेक विखुरण मध्याजवळ, बीमस्टॉपच्या मागे होते. त्यामुळे त्याला टाकल्याची तक्रार करणारे पिक्सेल मोजकेच उरले होते. आणि पन्नासही सुरुवातींना एकच नियम दिलेला असल्यामुळे पन्नासही एकमुखाने तेच चुकीचे उत्तर देत होत्या. हस्तांतरण फल उत्तरे एकमेकांशी जुळतात का एवढेच विचारते. ती वस्तूशी जुळतात का हा प्रश्न मी त्याच्या तोंडी घातला होता.

६ मार्च

आठवडाभर एका उपायावर काम केले. स्फटिकशास्त्रात अॅक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ साली मोजणीचा एक लहान हिस्सा रचनेच्या परिष्करणातून पूर्णपणे बाजूला ठेवून त्यावर अंतिम रचना तपासण्याची पद्धत आणली. विवर्तन प्रतिमांसाठीही २०२० साली अशीच सूचना मांडली गेली आहे. मी सुमारे ३ टक्के पिक्सेल झाकले, पण सुटे सुटे नव्हे, तर लहान लहान बेटांच्या स्वरूपात. कारण नक्षी दाट नमुन्यांची असल्यामुळे एकट्या झाकलेल्या पिक्सेलची किंमत त्याचे शेजारीच सांगून टाकतात.

त्याच बंद फाइलवर सपोर्टची मर्यादा २५ टक्क्यांपासून ५ टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवली. वापरलेल्या पिक्सेलवरची त्रुटी सपोर्ट सैल होताच दर वेळी कमी झाली, आणि तसे होणारच, कारण सैल सपोर्टला नॉइजही गिळता येतो. झाकलेल्या पिक्सेलवरची त्रुटी मात्र आधी उतरली आणि १० टक्क्यांच्या खाली पुन्हा चढू लागली. एकूण सरासरीत हा फरक नगण्य वाटतो. तीच त्रुटी मध्यापासूनच्या अंतराप्रमाणे वर्तुळावर्तुळाने मांडली तेव्हा बीमस्टॉपला लागून असलेल्या दोन-तीन वर्तुळांत २० टक्क्यांचा सपोर्ट उघडा पडला. ही सूचना माझ्या हातात २६ तारखेलाही होती. वापरलेल्या पिक्सेलवर तेथे त्रुटी थोडी जास्त दिसली होती आणि मी ती नॉइजच्या खाती टाकली होती.

टायकोग्राफीचा पर्यायही बोलून झाला. तीत झोत वस्तूवरून सरकवत एकमेकांवर चढणाऱ्या अनेक ठिकाणच्या नक्षी घेतात आणि सपोर्टची जागा तो चढ घेतो. वॉल्टर हॉप यांची १९६९ची कल्पना, रॉडनबर्ग आणि फॉकनर यांच्या २००४ सालच्या आवर्ती पद्धतीने वापरात आली. तेथे पापुद्रा असा कापला जाणार नाही. पण एकाच नक्षीतून काय मिळते हा या प्रकल्पाचा प्रश्न आहे, म्हणून तो मार्ग येथे घेत नाही.

१४ मार्च

दुसरी बंद फाइल. मर्यादा झाकलेल्या पिक्सेलवरून ठरवली, ती १२ टक्के आली. पाठवण्यापूर्वी प्रतिमेसोबत दुसरा नकाशाही तयार केला : सपोर्ट आणि बीमस्टॉप यांच्यावरून ज्या संथ लहरी बांधल्याच जात नाहीत त्या काढून, त्या प्रतिमेत कोठे किती ढवळाढवळ करू शकतात ते त्यात दाखवले आहे. अशा चार लहरी निघाल्या.

सहकाऱ्याने मूळ वस्तू उघडली. कडा, छिद्रे आणि फिका भाग जुळले. एकूण तेज जुळले नाही, आणि उरलेली तफावत जवळजवळ पूर्णपणे त्या चार लहरींतच मांडता आली. प्रतिमेच्या फाइलमध्ये एकूण तेजाचा रकाना रिकामा ठेवला आहे आणि त्यापुढे ‘मोजलेले नाही’ असे लिहिले आहे.